कूलरवरची माशी

माझ्या फोनमध्ये शेंग्याचा एक फोटो आहे. एप्रिलमधला रविवार, दुपारचे दोन वाजून बारा मिनिटं. वरचा ओठ एका बाजूने टम्म फुगलेला, डावा डोळा सुजेत बुडून त्याची नुसती रेघ उरलेली, आणि उजव्या डोळ्याने तो माझ्याकडे बघतोय, शाळेत मार खाऊन घरी आलेलं पोर बघतं तसा. फोटो जरा हललेला आहे, कारण काढताना मी हसत होते. मग तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचे साहेब मधमाशीशी भांडून आले.' पुण्याहून लेकीने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे पाठवले, जाऊबाईंनी तीन. भाच्याने विचारलं, 'दाढ काढायला नेलं होतं का?' त्यावर मीही एक हसरा चेहरा टाकला. त्या चेहऱ्याखाली वेळ दिसते दोन एकवीस. दोन तेवीसला शेंग्याने पहिली उलटी केली आणि अडीचच्या आत तो फरशीवर आडवा झाला.

मधली दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शेंग्या म्हणजे आमचं गावठी कुत्रं. चटणी कुटणाऱ्या बायकांच्या दारात, शेंगांच्या टरफलांच्या ढिगात झोपलेला सापडला, आणि रंगही नेमका टरफलाचाच, म्हणून शेंग्या. वजन १८ किलो, त्यातले दोनेक किलो नुसती ऐट. सोलापुरातल्या उन्हाळ्यात या ऐटीचं काही चालत नाही. पारा ४२-४३ वर गेला की माणसं, कुत्री, पाली सगळी एकाच कामाला लागतात, गार जागा शोधायच्या. आमच्या घरात ती जागा एकच, माजघरातल्या कूलरसमोरची. तिथे सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची खाट, आणि खाटेखाली शेंग्या. कूलर खिडकीत बसवलेला, त्याची पाठ मागच्या अंगणात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार, त्यामुळे ड्रममधली एकेक बादली मोजून कूलरमध्ये ओतायची. ओल्या गवताचा तो कुबट-गार वास माझ्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीचा वास आहे, आंब्याचा नंतर.

त्या ओल्या गवतावर मधमाश्या येतात. शेजारच्या उंच पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लटकलेलं होतं आणि दुपारी तिथून माश्या येऊन कूलरच्या पाठीवर रांगेने बसायच्या, डोकं खाली, शेपूट वर, नळावर हंडे लावून बसल्यासारख्या. मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या तिथे का येतात हे मला ठाऊक होतं. त्या तहानलेल्या असतात असं नाही. नेलेलं पाणी त्या पोळ्यावर थेंबाथेंबाने पसरतात आणि पंख हलवून वारा घालतात, पाणी उडून जातं आणि पोळं गार पडतं. आतल्या अळ्यांना ३५ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, त्याहून फार तापलं तर त्या जगत नाहीत. थोडक्यात, टाकीखाली त्यांनीही एक कूलर चालवला होता आणि त्यासाठी पाणी आमच्या कूलरमधून न्यायच्या. हे मी आप्पांना कौतुकाने सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग अर्धं लाइट बिल त्यांच्याकडनं घे."

त्या दुपारी शेंग्या अंगणात गेला आणि कूलरच्या पाठीला तोंड लावून माशीवर झेपावला. किंचाळला. आत येऊन फरशीवर तोंड घासायला लागला. पाच मिनिटांत ओठ वर आला. आप्पा उठून बसले आणि म्हणाले, "लोखंड घास, लोखंड." मिलमध्ये गांधीलमाशी चावली की साच्याजवळचं मिळेल ते लोखंड घासायचे म्हणे. मी अडकित्ता आणला. आता कुत्र्याच्या ओठावर अडकित्ता घासायचा कसा, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला आणि आम्ही हसत सुटलो. तेवढ्यात मी फोटो काढला. नंतर तो पोटाकडे वळून वळून खाजवायला लागला. मी त्याला उताणा केला तर मांडीच्या आतल्या बिनकेसाच्या कातडीवर चिंचोक्याएवढ्या गाठी उठलेल्या. "पित्त उठलंय," आप्पा म्हणाले, आणि मला ते अगदी पटलं. पित्त म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं, आमसुलाचं पाणी लावायचं, घोंगडी पांघरायची, दोन तास कळ काढायची. नाव सापडलं की जीव भांड्यात पडतो. मी स्वयंपाकघरात आमसुलाची बरणी उघडत होते आणि दुसऱ्या हाताने ग्रुपवर तो हसरा चेहरा टाकत होते.

उलटीत सकाळची भाकरी-दूध, मग पिवळा फेस. त्यानंतर त्याने तिथेच, खाटेजवळ, पातळ जुलाब केला. दोन वर्षांत एकदाही घरात घाण न करणारं जनावर. आणि मी, हे लिहिताना हात जड होतो, त्याच्यावर ओरडले. तो शेपूट पायात घालून दाराकडे निघाला, मागचे पाय एकमेकांत अडकले आणि बसकण मारल्यासारखा खाली गेला. उठायचा प्रयत्नही केला नाही.

ज्या डॉक्टरांनी त्याला लसी दिल्या होत्या त्यांना फोन लावला. रविवार असून उचलला. मी सुजेबद्दल सांगत होते, ते मध्येच म्हणाले, "ओठ राहू द्या. ओठ वर करा आणि हिरड्या बघा. कसल्या रंगाच्या आहेत?" मी बघितलं. शेंग्याच्या हिरड्या काळ्या-गुलाबी असतात. गुलाबी जागा कणकेच्या रंगाची झाली होती. "बोटाने दाबा. पांढरं होईल. परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, दोन सेकंदांच्या आत यायला हवं." मी दाबलं. मोजायला काही नव्हतंच, दाबायच्या आधीही पांढरं आणि नंतरही पांढरं. "निघा," ते म्हणाले.

रिक्षावाला कुत्र्याला घेईना. आमच्या गल्लीत चार घरं सोडून माग आहेत. तिथल्या अक्का तेलुगूत काहीतरी ओरडत आत गेल्या आणि माग थांबला. आमच्याकडे ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांनाच कळेल, मागाचा खडखडाट थांबला की शांतता कानावर आदळते. त्यांच्या मुलाने टॉवेलचे गठ्ठे भरलेला टेम्पो काढला. शेंग्याला गठ्ठ्यांवर ठेवलं, कोऱ्या टॉवेलांचा खळीचा वास, आणि त्यावर माझ्या मांडीजवळ त्याचं डोकं, अजूनही एका बाजूने हास्यास्पद सुजलेलं. गल्लीतलं एक पोर टेम्पोच्या फाळक्याला लोंबकळत म्हणालं, "मेला का बे?" अक्कांनी त्याला तिथेच एक ठेवून दिली. सात रस्ता चौकातल्या दवाखान्यापर्यंतचं अंतर एरवी कळतसुद्धा नाही. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक मला पाठ झाला.

डॉक्टर दारातच सिरिंज भरून उभे होते. टेम्पोतच मांडीत इंजेक्शन दिलं, मग आत नेलं. पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले, शीर सापडेना, दुसऱ्या पायाला सापडली, सलाइन जोरात सोडलं. मी पर्समधून सेट्रिझिनची पट्टी काढून विचारलं, "ही दिली असती तर?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "ही खाजेला. आता प्रश्न खाजेचा नाही, रक्तदाबाचा आहे. आधी अ‍ॅड्रिनलिन, बाकी सगळं नंतर." एविल नंतर दिलंच, स्टेरॉइडही. पण सगळ्यात आधी त्या छोट्या काचेच्या कुपीतलं औषध. एका कुपीत एक मिलिग्रॅम असतं आणि आमच्या १८ किलोंना त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा लागला. साखरेच्या चार दाण्यांएवढंही नसेल. पंधरा-वीस मिनिटांनी डॉक्टरांनी पुन्हा ओठ वर केला, दाबला, सोडला, आणि काही न बोलता मला बोलावून दाखवलं. पांढऱ्या ठशाच्या कडेने गुलाबी रंग आत सरकत होता.

मग त्यांनी ओठाच्या आतून काळा, कुसळासारखा काटा काढून कापसावर ठेवला. मधमाशीच्या काट्याला आकडे असतात, तो रुततो आणि विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहतो, पिशवी आपली आपण पिळत राहते. पण बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरलेलं असतं, त्यामुळे अडकित्त्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी आतापर्यंत ओठाकडे बघत होते आणि खरा प्रकार पोटात चालला होता. माणसाला असा झटका आला की बहुधा घसा आवळतो, श्वास अडतो. कुत्र्यात सगळ्यात मोठा मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो, डॉक्टर सांगत होते. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आवळतात, रक्त पोटात तुंबतं, हृदयाकडे परत यायला उरतच नाही. म्हणून उलटी, म्हणून जुलाब, म्हणून ते पाय गेले. काही कुत्र्यांना तर सूज, पित्त काहीच येत नाही, सरळ ओकतात आणि कोसळतात. "नुसतं तोंड सुजलं तर बहुतेक वेळा उद्यापर्यंत उतरतं," ते म्हणाले, "त्याला हसलात तर हसलात. पण माशी चावल्यावर उलटी झाली की पुढे काही बघायचं नाही, निघायचं."

त्यांना मी फोटोचं सांगितलं नव्हतं. हसल्याचं मात्र बोलता बोलता सांगून बसले होते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सोडलं नाही. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येऊ शकतो म्हणे. बाहेर रस्त्यावर ऊन उतरून धूळ तांबूस झाली होती, अक्कांचा मुलगा टेम्पोत झोपला होता, आणि सलाइनची बाटली बदलताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "याआधी कधी चावली होती का?" मी नाही म्हणाले. ठामपणे. ते म्हणाले, "चावली असणार. पहिल्यांदा काही होत नाही."

आणि मला संक्रांत आठवली.

घरात गुळाच्या पोळ्या चालल्या होत्या, गुळाच्या परातीवर दोन माश्या घोंगावत होत्या, गड्ड्याच्या जत्रेला जायची गडबड. शेंग्या ओट्याखालून केकाटत निघाला आणि पुढचा एक पाय उचलून लंगडायला लागला. मला वाटलं, पोळीसाठी नाटक करतोय. "जास्त नाटकं नकोत," म्हटलं आणि पोळीचा तुकडा टाकला. त्याने खाल्ला. थोडा वेळ पाय चाटत बसला आणि संपलं. पाय सुजलासुद्धा नव्हता. त्या संक्रांतीपासून एप्रिलपर्यंत तो आमच्यासमोर धावत होता, मांजरांवर भुंकत होता, आप्पांच्या चपला पळवत होता आणि त्याच्या रक्तात त्या एका माशीची नोंद करून ठेवलेली होती. पुन्हा आली तर दाखवतो, असं त्याचं शरीर तीन महिने दबा धरून बसलं होतं, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

यातलं मला नवीन काय होतं? काहीच नाही. 'प्रतिकारशक्ती' हा धडा मी फळ्यावर बाण काढकाढून शिकवला आहे. पहिली भेट, ओळख, स्मृती, दुसऱ्या भेटीत जलद प्रतिसाद. हा शेवटचा बाण मी नेहमी मोठा काढायचे, कारण लसीचं सगळं मर्म तिथे. जी आठवण वाचवते तीच उलटूही शकते, हे एका वाक्यात उरकून 'परीक्षेला येत नाही' म्हणून पुढे जायचे.

हा उलटा प्रकार माणसाला नीट कळला तोही एका कुत्र्यामुळेच. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषावर काम करत होते. पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलाचं, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याचं, विष घेऊन त्यांनी तेच काम कुत्र्यांवर पुढे चालवलं. थोडं थोडं विष देऊन कुत्र्यांना ते सोसायची सवय लावावी, असा त्यांचा बेत. त्यात नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा होता. पहिल्या डोसाने त्याला काहीही झालं नाही. २२ दिवसांनी, तब्येत ठणठणीत असताना, त्याला तेवढाच डोस पुन्हा दिला. काही सेकंदांत तो धापा टाकायला लागला, पाय ओढत आडवा झाला, जुलाब, रक्ताची उलटी, आणि २५ मिनिटांत मेला. संरक्षणाला ग्रीकमध्ये फायलॅक्सिस म्हणतात. त्याच्या उलट ते अ‍ॅनाफायलॅक्सिस, हा शब्द १९०२ मध्ये रिशेने बनवला आणि १९१३ चं नोबेल त्याला मिळालं. हे सगळं मी त्या रात्री शेंग्याच्या शेजारी बसून वाचलं. नेपच्यूनचं वर्णन वाचताना मी दोनदा फोन खाली ठेवला. ओळीमागून ओळ आमच्या माजघरातलीच होती, फक्त त्याच्या वेळी कुणाच्या हातात कुपी नव्हती. आणि नाव काय ठेवलं होतं त्याचं, तर समुद्राच्या देवाचं. समुद्रातल्याच विषाने मेला बिचारा.

आमच्या घरात याच गोष्टीची एक जुनी आवृत्ती आहे, तीही त्या रात्रीच मला नीट कळली. माझा धाकटा मामा मी जन्मायच्या आधी गेला. पायाला लागलं म्हणून पेनिसिलिनची सुई दिली आणि दवाखान्याच्या पायरीवरच गेला, एवढंच आम्हाला माहीत. आईने त्याच्याबद्दल फारसं सांगितलं नाही, पण आम्हा भावंडांपैकी कुणालाही सुई टोचायची म्हटलं की ती कंपाउंडरच्या हाताला धरायची आणि विचारायची, "टेस्ट दिली का?" शाळेत लस टोचायला आले तरी दारात येऊन उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मामाला तीच सुई आधी एकदा मिळाली होती, ते मात्र ती सांगायची, तिच्या एका ठरलेल्या वाक्यात, "पहिली पचली, दुसरी लागली." मला ते नशिबाबद्दलचं वाक्य वाटायचं. चौथी शिकलेल्या बाईने रिशेचं नोबेल चार शब्दांत बसवलं होतं आणि तिच्या जीवशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला ते साठीनंतर, कुत्र्याच्या उशाशी कळलं.

शेंग्या वाचला. दुसऱ्या दिवशी ओठ उतरला, तिसऱ्या दिवशी त्याने आप्पांची चप्पल पळवली. पायांवरच्या भादरलेल्या चौकोनांत केस यायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी आता दोन कुप्या, बारीक सिरिंजा आणि कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते लिहिलेला कागद देऊन ठेवलाय, कसं टोचायचं तेही संत्र्यावर करून दाखवलं. देऊन लगेच निघायचं, घरी थांबायचं नाही, हे तीनदा बजावून. तो डबा मी माठामागच्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवलाय, आमसुलाच्या बरणीशेजारी. हलवायला हवी ती बरणी तिथून, पण हलवत नाही.

टाकीखालचं मोहोळ काढायला माणूस आणावा असं गल्लीत निघालं होतं. मशाल पेटवून रात्री धूर करतात आणि राख करून टाकतात. मी नको म्हटलं, का ते मला नीट सांगता आलं नाही. माशी बिचारी पाणी न्यायला आली होती, आम्ही ओततो त्याच कामासाठी. पावसाच्या सुमाराला मोहोळ आपणहून उठून गेलं आणि यंदा उन्हाळ्यात पुन्हा त्याच जागी लागलं. मग मी गच्चीच्या पार टोकाला एक परात ठेवली, पाय ठेवायला त्यात खडे टाकले, आणि कूलरच्या पाठीला बारीक जाळी मारून घेतली. चार दिवस परातीकडे एकही फिरकली नाही, सगळ्या जाळीवरच. पाचव्या दिवशी कळलं त्यांना. आता दुपारी शेंग्याला अंगणबंदी असते आणि तो दाराच्या जाळीला नाक लावून भुणभुणत बसतो.

तो फोटो मी काढून टाकलेला नाही. लेकीने आणि जाऊबाईंनी आपापले हसरे चेहरे त्याच रात्री पुसले, भाच्याने वाक्य पुसलं. माझा तेवढा तसाच आहे, दोन एकवीसचा.

एक खोड मात्र लागली आहे. दिवसातून दोनदा-तीनदा मी शेंग्याचा ओठ वर करते, हिरडीवर अंगठा दाबते, सोडते आणि मोजते. त्याला ते मुळीच आवडत नाही. परवा कूलरसमोर बसून हेच चाललं होतं. आप्पा खाटेवरून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली, बोटाने ओठ वर केला आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "माझंबी बघ जरा."

मी अंगठा पुसला आणि दाबला.

"किती?"

"दोन."

"मग हाय की," म्हणाले आणि कूलरकडे तोंड करून आडवे झाले.